रूड बॉयचा सूट, क्लार्क्सचे बूट: जुनी स्ट्रीट फॅशन नेमकी आली कुठून?

उसवण (धागाकर्ती)

पुण्यात एफसी रोडवर किंवा मुंबईत वांद्र्याला थोडा वेळ उभं राहा. आदिदासचे सांबा बूट मोजता मोजता कंटाळा येईल. वर ढगळ पँट, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला विणलेला पोलो, नाहीतर आखूड हॅरिंग्टन जॅकेट. इन्स्टावरचे थ्रिफ्टवाले (जुने कपडे विकणारे) हा सगळा माल 'नाइन्टीज विंटेज' म्हणून विकतात. विकू देत बापडे. पण यातल्या एकेका वस्तूचा माग काढत गेलं की गाडी बऱ्याचदा जमैकाच्या राजधानीला, किंग्स्टनला जाऊन थांबते, आणि ते कुठल्याच कॅप्शनमध्ये नसतं. म्हणून हा धागा.

सांबाचंच घ्या. मूळचा जर्मन फुटबॉलचा बूट. तो पुन्हा फॅशनमध्ये आणण्यात लंडनच्या ग्रेस वेल्स बॉनर या डिझायनरचा मोठा हात आहे. वडील जमैकन, आई इंग्रज. २०१६ साली तिला एलव्हीएमएच या फ्रेंच फॅशन समूहाचं तरुण डिझायनरांसाठीचं पारितोषिक मिळालं, २०२० पासून तिचं आदिदासबरोबर काम सुरू झालं. तिच्या डोळ्यांसमोर होती सत्तरच्या दशकातली लंडनची जमैकन पोरंपोरी, जी घरातच मोठाले स्पीकर लावून पहाटेपर्यंत नाचायची आणि त्यासाठी आठवडाभर कपड्यांची तयारी करायची. २०२५ मध्ये एर्मेस या पॅरिसच्या बड्या फॅशन कंपनीने पुरुषांच्या कपड्यांचा सगळा कारभार तिच्याकडे सोपवला. म्हणजे गल्लीतून निघालेली गोष्ट थेट पॅरिसच्या पेढीवर.

पण सुरुवात फार आधीची. २२ जून १९४८ ला टिलबरीच्या धक्क्यावर 'एम्पायर विंडरश' बोटीतून कॅरिबियनमधली आठशेवर माणसं उतरली. त्या दिवसाचे फोटो नेटवर भरपूर आहेत, ते मोठे करून बघा. डबल ब्रेस्ट कोट, रुंद लॅपेल, पँटीला इतकं कापड की आजच्या दोन पँटी निघतील, हॅट एका भुवईवर किंचित कललेली. तीनएक आठवडे बोटीत काढलेल्या माणसाच्या पँटीची घडी इतकी कडक कशी, हे मला अजून उलगडलेलं नाही. बोटीवरच्या प्रवाशांत शिंपीही होते, त्यांचाच काही हात असेल.

आता धक्क्यावर उभे असलेले इंग्रज बघा. तिथे कपड्यांचं रेशनिंग मार्च १९४९ पर्यंत चालू होतं. युद्धात तर पुरुषांच्या पँटीला खाली फोल्ड ठेवायलासुद्धा काही काळ बंदी होती. राज्यकर्ते कुपनावरच्या काटकसरी सुटात आणि वसाहतीतून आलेली माणसं लग्नाला निघाल्यासारखी. पुढे याच माणसांना 'खोली रिकामी नाही' म्हणून दारातून परत पाठवलं गेलं. रंगावरून घर नाकारणं ब्रिटनमध्ये १९६८ च्या कायद्यापर्यंत सरळसरळ चालत होतं. नीटनेटकं राहणं ही त्यांची हौस होतीच, पण समोरच्याने आपल्याला कमी लेखायच्या आत स्वतःची किंमत दाखवून द्यायची ती एक रीतही होती.

तिकडे जमैका ६ ऑगस्ट १९६२ ला स्वतंत्र झाला. खेड्यातून किंग्स्टनला आलेल्या पोरांना काम नव्हतं. त्यांतलेच रूड बॉय. अमेरिकन गँगस्टर सिनेमे आणि जाझवाल्यांचे फोटो बघून त्यांनी पोशाख उचलला: अंगाबरोबरचा काळा सूट, बोटभर टाय, बारक्या काठाची पोर्कपाय हॅट, रात्रीसुद्धा काळा चष्मा. खिशात दमडी नाही, पण साउंड सिस्टिमच्या, म्हणजे मोठाले स्पीकर लावून होणाऱ्या नाचाला जायचं तर असंच. ड्यूक रीड, कॉक्सन डॉड, प्रिन्स बस्टर यांच्या साउंड सिस्टिम म्हणजे त्या काळातली फॅशन परेडच.

माझं म्हणणं एवढंच आहे की आज जे 'पुनरुज्जीवन' म्हणून चाललंय त्यात वस्तू परत आल्या आहेत. त्यामागची शिलाई, इस्त्री आणि निगा मात्र आलेली नाही. मुद्दाम चुरगळलेला विंटेज शर्ट घालून कुणी स्वतःला रूड बॉय म्हणवून घेत असेल तर मला हसू येतं. चर्चा होऊ द्या.

चाळकरी

मस्त लेख. +१.
माझ्या वडिलांचे टेरिलिनचे बेलबॉटम आणि कुत्र्याच्या कानाएवढ्या कॉलरचे तीन शर्ट आईने बोहारणीला दिले आणि झाकणाचा स्टीलचा डबा घेतला. परवा तसलाच एक शर्ट इन्स्टावर अठराशे रुपयांना पाहिला. डबा अजून आहे, त्यात रवा असतो.

निळूभाऊ

लेख आवडला, पण थोडी वेगळी बाजू मांडतो. मूळ शोधत गेलं की कायम दुसराच कोणीतरी सापडतो. सूट इंग्रजांचा, हॅट इंग्रजांची-अमेरिकनांची, पोलो शर्ट टेनिसवाल्या फ्रेड पेरीचा, क्लार्क्स ही इंग्लंडची कंपनी. मग यात जमैकन काय? उद्या आपला लेंगा-झब्बा कोण्या नायजेरियन पोराने घातला तर तो नायजेरियन होणार का?

उसवण

@निळूभाऊ, होऊ शकतो की, दोन पिढ्या त्याने त्याची निगा राखली आणि त्यात स्वतःचं काही घातलं तर!

क्लार्क्सचं उदाहरण तुम्हीच दिलंत ते बरं झालं. कंपनी सॉमरसेटमधल्या स्ट्रीट नावाच्या गावची, १८२५ पासूनची. त्या घराण्यातला नेथन क्लार्क १९४१ मध्ये सैन्याबरोबर ब्रह्मदेशात होता. तिथे अधिकाऱ्यांच्या पायात त्याला क्रेप रबराच्या तळव्याचे, स्वेडचे (मखमली चामड्याचे) साधे बूट दिसले, जे त्यांनी कैरोच्या बाजारातून करून आणले होते. त्यावरून १९५० मध्ये डेझर्ट बूट बाजारात आला. घरच्यांना तो चालेल असं वाटत नव्हतं.

म्हणजे हा बूट आधीच कैरो, ब्रह्मदेश, सॉमरसेट असा फिरून आलेला. पण त्याला मान कुठे मिळाला? जमैकात. क्लार्क्सच्या दुसऱ्या एका बुटाला, डेझर्ट ट्रेकला, तिथली माणसं 'बँक रॉबर' म्हणतात. सत्तरच्या दशकात आयातीवर निर्बंध आले, बूट महागले. गरीब पोराच्या पायात क्लार्क्स दिसले की पोलीस चोर समजून हटकायचे. खिशात टूथब्रश ठेवायची पद्धत तिथलीच. नाचाच्या जागी पोचल्यावर आधी स्वेडवरची धूळ झटकायची, मग आत शिरायचं. २०१० मध्ये व्हिब्झ कार्टेल या जमैकन गायकाने या बुटांवर गाणं केलं तर किंग्स्टनच्या दुकानांत किमती चढल्या. सॉमरसेटमध्ये हा बूट शाळामास्तर घालत. त्याला रुबाब दिला तो जमैकाने.

आणखी एक मजा. डान्सहॉल या जमैकन नाचगाण्याच्या प्रकाराची खूण म्हणजे जाळीची बनियन. ती १९३३ च्या सुमाराला नॉर्वेच्या सैन्यातल्या हेन्रिक ब्रुनने थंडीसाठी काढली! जाळीच्या भोकांत हवा अडकते आणि ऊब राहते, ही त्यामागची कल्पना. बर्फातली वस्तू उष्ण कटिबंधात गेली आणि तिचं काम पार उलटं झालं.

चाळकरी

जाळीचा गंजीफ्रॉक आमच्या मजल्यावर प्रत्येक आजोबांच्या अंगात होता. आम्हाला कुणी फॅशन आयकॉन म्हटलं नाही. (हलके घ्या.)

कोव्हेंट्रीकर

या विषयावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं, धाग्याने निमित्त दिलं. जरा लांबेल.

मी राहतो ते कोव्हेंट्री म्हणजे टू-टोनचं, जमैकन स्का संगीताच्या इंग्लिश लाटेचं माहेर. १९७९ मध्ये जेरी डॅमर्सने इथे टू-टोन रेकॉर्ड्स सुरू केलं. द स्पेशल्स, द सिलेक्टर हे बँड त्यातले. काळे-गोरे एकाच मंचावर, कपडे साठच्या दशकातल्या किंग्स्टनचे: काळा सूट, पांढरे मोजे, लोफर, पोर्कपाय. त्यांच्या बोधचिन्हातला सूट-चष्म्यातला माणूस 'वॉल्ट जॅब्स्को' हा बॉब मार्लीच्या वेलर्स या बँडच्या जुन्या रेकॉर्डच्या कव्हरवरच्या पीटर टॉशच्या फोटोवरून काढलेला. भोवतीचा काळा-पांढरा चौकटीचा पट्टा म्हणजे त्यांचा जाहीरनामाच. आज तो मोज्यांपासून फोन कव्हरपर्यंत सगळ्यांवर छापलेला मिळतो.

पण यातली दुसरी बाजू आपल्या लोकांनी भोगली आहे. १९६८-६९ मध्ये पहिले स्किनहेड झाले ते गोऱ्या कामगारांची पोरं. शेजारच्या जमैकन पोरांकडून त्यांनी आखूड पँट, बारीक कापलेले केस, हॅट आणि संगीत उचललं. ज्या ट्रोजन रेकॉर्ड्सच्या तबकड्यांवर ही पोरं नाचली, ती कंपनी १९६८ ची. ती उभी करणाऱ्यांत ली गोप्थल होता, जमैकात जन्मलेला भारतीय वंशाचा माणूस. आता विरोधाभास बघा. एका भारतीय वंशाच्या माणसाच्या दुकानातून रेगे विकत घ्यायचं आणि रात्री रस्त्यात भारतीय-पाकिस्तानी दिसला की त्याला धरून मारायचं. 'पाकी-बॅशिंग' हा शब्द तेव्हाचाच. नंतर राजकारण घुसलं आणि पोरं बिघडली, आधी सगळं गोडगुलाबी होतं, असं बरेच जण सांगतात. ते अर्धंच खरं. पहिल्या लाटेतही आपल्याला मार बसतच होता. सत्तरच्या दशकाच्या शेवटी नॅशनल फ्रंट या वंशद्वेष्ट्या पक्षाच्या लोकांनी तोच पोशाख उचलला आणि प्रकरण जास्त चिघळलं.

१९८१ च्या एप्रिलमध्ये इथे शहराच्या मध्यवस्तीत एका भारतीय वंशाच्या विद्यार्थ्याचा खून झाला. त्या उन्हाळ्यात स्पेशल्सनी इथेच वंशद्वेषाविरुद्ध कार्यक्रम केला. ३ जुलैला लंडनच्या साउथॉल या आपल्या लोकांच्या वस्तीत स्किनहेड बँडचा कार्यक्रम ठेवला होता तो पबच लोकांनी पेटवून दिला.

माझे सासरे तेव्हा इथल्या एका कारखान्यात रात्रपाळी करत. डॉक्टर मार्टेन्सचे उंच बूट आणि वर दुमडलेली जीन्स लांबून दिसली की पलीकडच्या फुटपाथवर जायचं, ही त्यांची सवय. मागच्या दिवाळीत आमच्या चिरंजीवांनी तेच बूट घेतले, चेरी रेड. सासऱ्यांनी बघितलं आणि विचारलं, "लेस कुठली लावणार?" मुलाला काही कळेना. त्या काळी लेसच्या रंगावरून पोरगा कुठल्या गटातला ते ओळखायचे म्हणे. शेवटी आजोबांनीच पिवळी निवडली, कंपनीच्या टाक्याच्या रंगाची.

फ्रेड पेरीचंही तेच झालं. २०२० मध्ये प्राउड बॉइज या अमेरिकेतल्या कट्टर उजव्या गटाने त्यांचा काळा-पिवळा शर्ट गणवेश करून टाकला म्हणून कंपनीला तो अमेरिका-कॅनडात विकणं बंद केल्याचं जाहीर करावं लागलं. तेव्हा @उसवण, इस्त्री आणि निगा ठीक आहे, पण कपडा कुणाच्या हातात पडतो हा प्रश्न त्याहून मोठा वाटतो मला.

उसवण

@कोव्हेंट्रीकर, हा प्रतिसाद वेगळा धागा करण्याएवढा आहे. तुमचं म्हणणं मान्य. मी कपड्याकडे शिवणाऱ्याच्या बाजूने बघत होते, रस्ता ओलांडणाऱ्याच्या नाही. पण निगेचा मुद्दा मी सोडणार नाही. तुमच्या सासऱ्यांचा लेसचा प्रश्न म्हणजे निगाच की!

गावस्करभक्त

थोडं अवांतर. आमच्या पिढीला कॅरिबियन फॅशन कळली ती क्रिकेटमधून. वानखेडेवरची पहिली कसोटी, जानेवारी १९७५, क्लाइव्ह लॉइड नाबाद २४२. तो चष्मा, ती वाकलेली चाल, ढगळ शर्ट. नंतर व्हिव्ह रिचर्ड्स. हेल्मेट नाही, मरून टोपी, च्युइंगगम आणि मनगटावर लाल-सोनेरी-हिरवा पट्टा. ते रास्ताफारींचे रंग, हे कळायला फार वर्षं गेली. शिवाजी पार्कात आम्ही सायकलच्या ट्यूबचे तुकडे रंगवून मनगटात घालायचो. घामाने रंग उतरायचा आणि हात हिरवा व्हायचा.

टिंगूमास्तर

रिचर्ड्सची मुलगी मसाबा मुंबईत फॅशन डिझायनर आहे. म्हणजे कॅरिबियन कनेक्शन आपल्या घरापर्यंत पोचलंच.

आणि न्यूयॉर्कचं कसं विसरलात? ऐंशीच्या दशकात एअरब्रशने टी-शर्ट रंगवणारे शर्ट किंग्ज जमैकातलेच ना?

मीनल_ब्रुकलिन

@टिंगूमास्तर, ते जमैका वेगळं! क्वीन्समधला एक भाग आहे जमैका नावाचा, तिथल्या मॉलमध्ये शर्ट किंग्जचं दुकान होतं. बेटाशी त्या नावाचा काही संबंध नाही. दर उन्हाळ्यात आमच्याकडे येणारे पाहुणे विमानतळाहून येताना पाटी वाचून हाच विनोद करतात.

पण न्यूयॉर्कचा मुद्दा बरोबर आहे. हिपहॉपची सुरुवात ज्या पार्टीपासून मोजतात, ती ११ ऑगस्ट १९७३ ची, ब्रॉन्क्समधल्या १५२० सेजविक अॅव्हेन्यूच्या इमारतीतल्या हॉलमध्ये. डीजे कूल हर्क म्हणजे क्लाइव्ह कॅम्पबेल, किंग्स्टनमध्ये जन्मलेला, १९६७ मध्ये इकडे आलेला. मोठ्या स्पीकरची हौस तिकडूनच आणलेली. पार्टी मात्र ठेवली होती त्याच्या बहिणीने, सिंडीने. का? शाळा सुरू होणार होती आणि तिला नवे कपडे घ्यायचे होते! मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट तिकीट. हिपहॉपच्या इतिहासावर हजारो पानं लिहिली गेली, पण मुळाशी एका मुलीची 'सगळ्यांसारखे कपडे घालून शाळेत जाणार नाही' ही जिद्द आहे, हे मला फार आवडतं.

पुढे रॅपर स्लिक रिक. लंडनमध्ये जन्म, आईवडील जमैकन, वाढला ब्रॉन्क्समध्ये. कँगोल टोपी, क्लार्क्सचे वॉलबी बूट, गळ्यात सोन्याचं ओझं. कँगोल हीसुद्धा इंग्लंडच्या कंबरलंडमध्ये सुरू झालेली टोप्यांची कंपनी. पुन्हा तेच, इंग्लंडची वस्तू आणि रुबाब जमैकन.

आणि हे ऐका. आमच्या ब्रुकलिनमधल्या फ्लॅटबुशमध्ये कॅरिबियन बायकांच्या हातात जाड चांदीच्या बांगड्या दिसतात. पूर्ण गोल मिटत नाहीत, मध्ये फट असते आणि दोन्ही टोकांना कोकोच्या शेंगेसारखी किंवा कळीसारखी गाठ. मी पहिल्यांदा बघितल्या तेव्हा वाटलं, अरे, हे तर आपल्याकडचे तोडे! १८४५ पासून भारतातून गिरमिटिया मजूर जमैका आणि त्रिनिदादला गेले, त्यांतल्या सोनारांनी चांदीची नाणी वितळवून हे दागिने घडवले. आज रॅपरपासून नर्सपर्यंत सगळ्यांच्या हातात आहेत. बाळाच्या बारशालासुद्धा देतात.

निळूभाऊ

या मजुरांत मराठी होते का?

मीनल_ब्रुकलिन

बहुतेक जण भोजपुरी पट्ट्यातले, काही मद्रासकडचे. मराठी माणसं मोठ्या संख्येने गेली ती मॉरिशसला.

सुईदोरा

एवढी चर्चा झाली, बायका कुठे आहेत? सिंडी आली तेवढीच. सूट, हॅट, बूट, सगळं पुरुषांचंच.

माझ्याकडून दोन नावं. एक पॉलिन ब्लॅक, सिलेक्टरची गायिका. तिने रूड बॉयचा सूट आणि हॅट जशीच्या तशी स्वतःच्या अंगावर चढवली, आणि 'रूड गर्ल' म्हटलं की आजही तिचाच फोटो समोर येतो.

दुसरी अल्थिया मॅकनिश. त्रिनिदादची, १९५१ मध्ये लंडनला आली. १९५७ ला रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधून बाहेर पडली आणि लगेच लिबर्टी या लंडनच्या नामांकित कापडाच्या दुकानाने तिची डिझाइन्स घेतली. युद्धानंतरच्या करड्या-तपकिरी लंडनमध्ये तिने नारिंगी, पिवळा, जांभळा असे रंग ओतले. छपाईवाले म्हणायचे की इतके रंग एकत्र बसणार नाहीत. ती छपाईचं तंत्र स्वतः शिकलेली, त्यामुळे कसं बसवायचं ते तीच त्यांना सांगायची.

शिवाय कापडाचं तर बघा. सेंट लुशिया, डॉमिनिका, मार्टिनिक या बेटांवर बायकांच्या राष्ट्रीय पोशाखात जे चौकडीचं कापड असतं त्याला आजही मद्रास म्हणतात. आपल्याच किनाऱ्यावरून गेलेलं. गुलाम बायकांच्या डोक्यावरच्या रुमालापासून ते आज डिझायनरांच्या कोटाच्या अस्तरापर्यंत. जमैकाच्या राष्ट्रीय पोशाखातही लाल-पांढऱ्या चौकडीचं बंडाना कापड आहेच.

उसवण

@सुईदोरा, हे मी लिहायला हवं होतं, तुम्ही लिहिलंत ते उत्तम. डान्सहॉलच्या बायकांवर तुम्हीच लिहा. नव्वदच्या दशकातली 'डान्सहॉल क्वीन' कार्लिन स्मिथ, रंगीत विग, जाळीचे कपडे. त्यांतलं किती तरी बायका शिंप्याकडून एकेका रात्रीसाठी शिवून घ्यायच्या. आज पॉप गायिकांच्या स्टेजवर जे दिसतं ते तिथूनच आलं, आणि त्याचं श्रेय कुणी देत नाही.

कोव्हेंट्रीकर

श्रेय हळूहळू मिळतंय. २०१४ मध्ये लंडनच्या सॉमरसेट हाउसमध्ये रूड बॉयवर प्रदर्शन झालं. २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने कृष्णवर्णीयांच्या शिलाईदार पोशाखावर मोठं प्रदर्शन भरवलं. पण संग्रहालयात गेलेला सूट पुन्हा कुणी घालत नाही, ही अडचण आहेच.

टिंगूमास्तर

मी घालणार! भावाचं रिसेप्शन आहे फेब्रुवारीत. रूड बॉय सूट शिवून घ्यायचाय. रेडिमेडमध्ये स्लिम फिट म्हणून जे मिळतं ते बसलं की फाटेल असं वाटतं. काय सांगू टेलरला?

दादरचा_कटर

वाचनमात्र होतो, आता कामाचं आलं म्हणून लिहितो. तीस वर्षं कातर चालवतोय.

त्या सुटांचं खरं कापड टॉनिक मोहेर, अंगोरा शेळीच्या लोकरीचं. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा, हललं की रंग बदलतो. आपल्याकडे मोहेर सहज मिळणार नाही, मिळालं तर परवडणार नाही. टेरीवूलमध्ये धूपछाव मागा. निळ्यात तपकिरी किंवा हिरव्यात काळा घ्या. फार चमकणारं घेऊ नका, बँडवाले दिसाल.

कोट तीन बटणांचा, लॅपेल अडीच इंचाच्या आत. खांद्यात जाड पॅड नको. मागे दोन कट ठेवायला सांगा, एक नको. पँटीला पुढे चुण्या नाहीत. बॉटम चौदा इंच, फार तर साडेचौदा. चौदा सांगितलं की कारागीर मनाने सोळा ठेवतो, म्हणून वहीत लिहून घ्या. लांबी घोट्यावर, मोजा दिसला पाहिजे. आत माया, म्हणजे शिवणीत जादा कापड, सोडायला सांगा, दीड-दोन इंच. रेडिमेडमध्ये हीच नसते, म्हणून ते दोन वर्षांत टाकावं लागतं.

टिंगूमास्तर

काका, फार उपकार. शिलाई किती घ्याल?

दादरचा_कटर

आधी कापड आणा. आणि ट्रायलला रिसेप्शनचेच बूट घालून या. चपला घालून येतात सगळे, आणि मग लांबी चुकली म्हणून भांडतात.